पंचवीस वर्षांनंतरची फळी

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. तिला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा, पण शेवट आधी स्वतः वाचा.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेला.

आज आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पहिल्यांदाच मला व्हायोलिनसाठी फळी निवडायला सांगितली. इथे चिरलेली फळी पंचवीस वर्षं माळ्यावर वाळू देतात, मगच तिला हत्यार लावतात. आम्ही सध्या वापरतो त्या फळ्या मिस्त्रींच्या गुरूंनी ठेवलेल्या आहेत. तुम्ही कलिंगड वाजवून बघता तशा मी नुकत्याच चिरलेल्या दहा-बारा फळ्या वाजवल्या आणि माळ्यावर ठेवायला एक उचलली. तुम्ही घाईघाईत ओल्या लाकडाचं केलेलं स्वयंपाकघराचं दार आठवलं. अजून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही ना?

मिस्त्रींनी फळी कानाशी धरून ठोकली, मान डोलावली आणि पेन्सिल पुढे केली. फळीवर आजची तारीख घालायची आणि पंचवीस वर्षांनी ती कोण वापरणार त्याचं नाव. "कोणाचं लिहितेस?" त्यांनी विचारलं. तोवर मी स्वतःचं लिहून मोकळी झाले होते.

बाबा, हे काम शिकून दोन वर्षांत परत येते म्हणून मी घरातून निघाले होते. ते मला फळी माळ्यावर चढवल्यानंतर आठवलं. आईचे गुडघे कसे आहेत, खरं सांगा.

माझा चेहरा बघून मिस्त्री म्हणाले, "पेन्सिलच आहे, खोडता येईल."

मी खोडरबर मागितलं नाही.

तुमची,
धाकटी