फळ्यावर लिहिलेलं तुमचं नाव

रोशनीच्या आजोबांना निफाडहून चतुराबाईचा नमस्कार.

आधी आली शेजारची वत्सलाबाई, चहाच्या वासावर, अन् तिच्यामागून शाळा तपासणीच्या मॅडम. इथं द्राक्षबागेतच मजुरांच्या पोरांची शाळा भरते. शिकवणाऱ्या बाई माझीच जात्यावरची ओवी फळ्यावर लिहून पोरांना वाचायला लावतात. रोशनीनं ती घडाघडा वाचली.

मॅडम म्हणाल्या, “हिला पाठ आहे. वाचता येत नसेल तर पुन्हा पहिलीत बसवू.”

मग त्यांनी मला ओवीतल्या धन्याचं नाव विचारलं. मी कुठली तुमचं नाव घेते? वत्सलाबाईनं मॅडमच्या कानात सांगितलं. त्यांनी ‘धनी’ पुसून तुमचं नाव लिहिलं. रोशनी अडली, अक्षरांवरून बोट फिरवलं, अन् मोठ्यानं वाचलं. मी पदरात तोंड लपवून लय हसले.

खोकला कमी हाय का? मॅडम सोमवारी परत येणार हायेत, पोरीला दुसरीत घालायला.