वसंताच्या प्रेसची पूजा

१९ ऑक्टो. ७४, शनिवार
चौकशीचा निकाल आला. वसंता कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडून गेला तो स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. प्रेसची संरक्षक जाळी जागेवर होती म्हणे. साक्ष शेजारच्या प्रेसवरच्या बबनची. काम भराभर व्हावे म्हणून जाळी काढायला लावणारा साठे फोरमन मी काम करतो त्या स्टोअर्समध्ये येऊन म्हणाला, "देवाची इच्छा, राव. धाकटा भाऊ तुमचा. वाईट वाटतं." यापुढे याला नुसते सा. लिहीन. पूर्ण नावाला शाई कशाला घालवू.
आईला निकाल सांगितला. "देवाचा यायचाय," म्हणाली.

२२ ऑक्टो.
भजनी मंडळ घरी. क्षमा करा, विसरा वगैरे. चहा दोनदा. यांचा देव कंपनीच्या पगारावर असावा. आई म्हणाली, "क्षमा मागायला आलंय कोण?" मंडळी चपला शोधू लागली.
वर्षभर घरात गोड नाही. आईनेच ठरवलेय.

२४ ऑक्टो., खंडेनवमी
खात्यात यंत्रपूजा. वसंताच्या प्रेसला झेंडूची माळ, आणि जाळी. आता बसवलीय, पिवळी, नवीकोरी. सा. ने नारळ फोडला. नासका. भटजी लगेच, "उत्तम! देवाला पोचला." सा. खूश, "बघा, देवाला सगळं कळतं!"
तबक बबनच्या हातात होते. त्याने खाली ठेवले.
"व्हय साहेब, कळतं. जाळी तुमीच काढाया लावली व्हती. मी खोटं बोललो."
"प्यायलास काय रे?"
"न्हाई. उपास हाय."
मी हसलो. मोठ्याने. वसंता गेल्यापासून पहिल्यांदाच. लाज वाटली नाही.
घरी सांगितले. आई उठली, रवा भाजायला घेतला. म्हटले, अगं, पुन्हा चौकशी होणार, बबन फिरलाही असेल तोवर.
"ती साहेबांची चौकशी. माझा निकाल लागला."
वाटी वसंताच्या फोटोपुढे, मग माझ्यापुढे. "खा. देवानं न्याय दिला की आनंदानं घ्यावा." शिऱ्यात तूप भरपूर. दोनदा घेतला.

२८ ऑक्टो., सोमवार
आज चौकशी. सकाळी गेटवर सा. चा हात बबनच्या खांद्यावर. "भाऊ, भाऊ" चालले होते. आजवर "ए" म्हणत आला. मला नमस्कार केला. मी नाही केला.
बबन धुतलेला सदरा घालून ऑफिसबाहेरच्या बाकावर. आईने दिलेला डबा दिला. उघडला, शिरा पाहिला, झाकण लावले. "आतनं आल्यावर खातो."
आत बोलावले. डबा बाकावरच. दुसऱ्या टोकाला सा. येऊन बसलाय, डब्याकडे बघत.
बघू दे.