राजा कोपऱ्यात गेला तर

तिबिलिसी,
रविवार, ३ मार्च १९७४

ती. एतेरीताईस,
वाझाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या लाडक्या भाचीनं काल शेवटच्या फेरीत हत्ती फुकट देऊन टाकला! तेवढ्यानं भागलं नाही म्हणून उंटही मारायला पुढे ठेवला. बघ्यांना गप्प बसा, असं पंचांना दोनदा सांगावं लागलं. बाहेरच्या मोठ्या पटापाशी दोन म्हातारे हातघाईवर आले. एकाच्या मते पोरगी अलौकिक, दुसऱ्याच्या मते चक्रम. मी दोघांनाही मान डोलावली.

पाच तास झाले, डाव तहकूब. खातुनानं पुढची खेळी लिहून पाकिटात बंद करून दिलीय, ते आता गुरुवारी उघडेल. मला सांगत नाही कार्टी. माझा शब्द तुला ठाऊक आहे. हा डाव जिंकून पहिली आली तर वर्षभर नुसतं बुद्धिबळ, नाहीतर दातांच्या कॉलेजात अर्ज. अर्ज भरून तयार आहे, तारीख तेवढी घालायचीय. माझं काय चुकतंय? दात सगळ्यांचेच किडतात, पटावर पोट कितीजणांचं भरतं? पण ताई, काल रात्रभर मी तो डावच मांडून बसलो होतो बघ.

पत्राच्या मागे डावाचं चित्र काढलंय. हत्ती दिला ते बरोबर की चूक, तूच सांग. उत्तर आगगाडीत डबा सांभाळणाऱ्या बाईच्या हाती धाड, टपालानं गुरुवारपर्यंत पोचायचं नाही.

माया आहे तशी राहू दे.
तुझा वाझा


झुगदिदी,
मंगळवार, ५ मार्च

चि. वाझास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची चीजची भाकरी करपली आणि तुझे मेहुणे उपाशी कामावर गेले. आबांनी हुंड्यात दिलेला पट काढला. त्यातला पांढरा हत्ती तू विहिरीत टाकलास, तेव्हापासून त्या जागी माझं शिवणाचं अंगुस्तान उभं असतं. खातुना याच पटावर शिकली. अंगुस्तान बळी द्यायला कुणाचं काळीज तुटतंय? पोरीला हत्तीची दया नाही, यात दोष तुझाच.

आता मन घट्ट करून वाच. पाकिटात वजिराची खेळी असणार, दुसरी नाहीच. त्यावर समोर खेळणाऱ्या त्या नेस्ताननं उंट मारला तर पाच खेळ्यांत मात. पण तिनं उंटाकडे ढुंकूनही न बघता राजा नुसता कोपऱ्यात सरकवला, तर सगळं मुसळ केरात. काल दिवसभर डोकं फोडलं, तोड सापडली नाही. खेळी दिसायला इतकी भित्री आहे की तिला सुचू नये, एवढीच आशा.

खातुनाला यातलं काही बोलू नकोस, उगाच हातपाय गाळेल. चेहराही सांभाळ. खोटं बोलताना तू मिशी ओढतोस, हे मिशी फुटल्यापासून सगळ्या गल्लीला माहीत आहे.

एकोणिसाव्या वर्षी असाच डाव हातात असताना मी घाबरून बरोबरी घेतली होती. ते अजून टोचतं रे. पोरगी घाबरली नाही, याचा मला फार आनंद आहे.

ताईवरचा लोभ आटू देऊ नकोस.
एतेरी


तिबिलिसी,
गुरुवार, ७ मार्च

ती. ताईस सा. न.

हरली.

आणि ताई, मीच तिला हरवलं. नेस्तानचा बाप ओतार माझ्याबरोबर पलटणीत होता. डावाआधी सरबताच्या गाड्यावर भेटला. त्यानं विचारलंही नव्हतं, मीच बोलून बसलो की नेस्तानला उंट मारण्यावाचून गत्यंतर नाही, राजा कोपऱ्यात नेला तर ती मेलीच. त्यानं शांतपणे सरबत संपवलं, माझ्याकडे बघितलं आणि हसला. तेव्हा कळलं, माझा हात मिशीवर होता. आत गेला तो थेट लेकीच्या कानाला लागला.

पाकीट उघडलं. वजीरच होता. नेस्ताननं क्षणभरही विचार न करता राजा कोपऱ्यात नेला.

मला काय सुचलं ग? पोरगी हरली की दातांचं कॉलेज आपोआपच ठरणार होतं. मला हवं होतं तेच! तरी तिला जिंकवायला खोटं बोललो आणि त्या खोट्यानंच घात केला. पोरीकडे मान वर करून बघवत नाही. हे कुणाला सांगू नकोस, शपथ आहे.

तुझा नालायक भाऊ,
वाझा


तिबिलिसी,
मंगळवार, १२ मार्च

ती. आत्यास,
खातुनाचा सा. न. वि. वि.

हरले. रडूनही झालं. कोपरा मला हत्ती देण्याआधीच दिसला होता. पण नेस्तान भारी मानी, भित्री खेळी तिला सुचायची नाही असं वाटलं होतं. कुठून सुचली देव जाणे.

शब्द म्हणजे शब्द, म्हणून शुक्रवारी अर्जावर तारीख घालायला बसले. तर बाबांनी तो हिसकावून घेतला आणि टराटरा फाडला! म्हणाले, वर्षभर खेळ. मी कारण विचारलं तर म्हणे दात दुखतायत, डॉक्टर लोकांचा राग आलाय. हरल्यावर असं बक्षीस कुणी देतं का ग?

सुट्टीत येते. अंगुस्तान हरवू नकोस, मला तोड सापडलीय. राजा कोपऱ्यात गेला तरी चालतंय, फक्त दुसराही हत्ती द्यावा लागतो.

तुझ्या मायेत अशीच ठेव.
खातुना

ता. क. बाबा हल्ली सारखी मिशी ओढतात. एका बाजूनं विरळ झालीय. तुला काही लिहिलंय का त्यांनी?