बशीत काटे नव्हते

आबा, आज आईनं ट्रंक उन्हात रिकामी केली आणि तळाशी तुमचा काळा कोट निघाला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण डाव्या खिशाचं अस्तर अजून कडक आहे, तळहाताएवढ्या तेलाच्या डागासकट. आईनं डाग पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि कोट उलटा करून दोरीवर टाकला. तुमच्याबद्दल आम्ही दोघी एवढंच बोलतो.

तो डाग पडला तो दिवस रविवारचा होता. निदान मला तसं आठवतं. अदमासानं लिहू नये, हे तुम्हीच शिकवलंत. शाळेत जाण्याआधीची माझी सगळी शाळा तुमच्या मांडीजवळ झाली. पाटीच्या वरच्या ओळीत रोज तुमच्या वळणदार अक्षरात ‘खरे तेच लिहावे’ आणि खाली मी ते दहा वेळा गिरवायचे. त्याच आठवड्यात तुम्ही आईला आणि मला दुसरा एक धडा दिलात. भाकरीचा तुकडा तोंडाशी न्यायचा, ओठ हलवायचे आणि हात खाली आणताना तुकडा रुमालात सोडायचा. आईचं तीनदा चुकलं, तर तुम्ही तिच्यावर खेकसलात.

कारण पंचगंगेच्या वाटेवरची खानावळ. ती चालवणारी कोकणातली मुसलमान म्हातारी होती, सगळे तिला चाची म्हणत. घाटाखालून मिठात घालून आलेले बांगडे ती मुंबईच्या चिनी बशांत वाढायची, म्हणून ती चिनी खानावळ. बशीच्या तळाशी निळ्या रंगात एक चिनी माणूस गळ टाकून बसलेला, आणि रस्सा संपल्याशिवाय तो दिसायचा नाही. आपल्या संस्थानच्या महाराजांना शिवाशीव खपत नाही, म्हणून तुमच्या साहेबांनी कचेरीतल्या सगळ्या कारकुनांना बायकापोरांसह तिथं जेवायला बोलावलं होतं. तुमची बढती त्यांच्या हातात होती. खाल्लं तर भावकी वाळीत टाकणार, न खाल्लं तर बढती जाणार. तुम्ही यातून तीन रुमालांची वाट काढलीत आणि तिचा तुम्हाला अभिमान वाटत होता.

आत पाय ठेवायला जागा नाही. “चाची, हिकडं रस्सा आण की!” “आरं सरक, काय पाटावर झोपलायस व्हय?” समोरच्या पंगतीत साहेब आणि त्यांच्या बाई सावकाश, मन लावून जेवताहेत. आईनं पदर नाकापर्यंत ओढलाय. तुम्ही मात्र मिटक्या मारताय. रिकामं तोंड हलवत मिटक्या मारणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी तुमचं बघून ओठ हलवते आणि बांगडा रुमालात सोडते. रुमाल गोळा करून तुम्ही तुमच्या खिशात घालता.

मग चाची बशा उचलायला आली आणि थबकली. तिन्ही बशांत मासा नव्हता आणि काटाही नव्हता. इतक्या तालमीत तुम्हाला एवढं सुचलं नाही, की जेवलेल्या माणसाच्या बशीत काटे उरतात.

“पावणं, काटं कुठं गेलं?”

शेजारचा एकजण हसला. “गिळलं असतील की, चाची. कचेरीतली माणसं हायत, काय बी पचवत्यात.”

साहेबांचा हात ताटातच थांबला. तुम्ही त्यांच्याकडं पाहत म्हणालात, “आम्ही काट्यासकट खातो. आमच्या पोरीला इचारा. ती खोटं बोलत न्हाई.”

मी म्हटलं, “व्हय.”

चाचीनं बशा खाली ठेवल्या. “आगं, बांगड्याचा काटा ह्यो. नरड्यात अडकला म्हंजे? आ कर बघू.” कोरड्या भाताचा गोळा करून तिनं माझ्या तोंडात घातला. “चावू नगंस. गीळ.” मी गिळला. तिनं लगेच दुसरा भरवला. तुमचा चेहरा पांढरा पडला, आणि माझ्या घशाची काळजी त्यात कुठंच नव्हती.

घरी येताच तुम्ही मला अंगणात उभं करून डोक्यावर घागर ओतलीत आणि जिभेवर गोमूत्र घातलंत. स्वतःला शुद्धीचं काही लागलं नाही तुम्हाला. तुम्ही कुठं काय खाल्लं होतं? मासे मांजरानं खाल्ले. बढती मिळाली. पुढं पेठेतल्या सभेत ‘मी बायकापोरांसह त्या पंगतीला जेवलोय’ म्हणालात, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या भित्रेपणाचं मी समजू शकते. मीही भित्री आहे. शाळेत मुलींना कित्ता घालून देताना ‘खरे तेच लिहावे’ ही ओळ लिहायला माझा हात धजत नाही. किळस येते ती तुमच्या नीटनेटकेपणाची. दुसऱ्या दिवशी ते तिन्ही रुमाल धुऊन, घडी घालून तुम्ही कपाटात ठेवलेत.

हे पत्र मी कुठं पाठवणार? घडी करून त्याच डाव्या खिशात ठेवणार आहे. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. दुसऱ्या घासालाच चाचीच्या ध्यानात आलं असावं, की माझ्या घशात काही नाही. तिनं हात थांबवला. तिसरा घास मी मागितला, आणि हळूच म्हटलं, रश्श्यात बुडवून दे.