बाबा प्यायले ते पाणी

गुरुवार, संध्याकाळ

लॅबमधलं मशीन बंद, आठवडा नुसता रेंगाळतोय. म्हणून मंडीदीपच्या कारखान्यांजवळच्या वस्तीतून तपासायला आणलेलं हातपंपाचं पाणी मी घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं, तेही साध्या बाटलीत. मूर्खपणा! आज बाबा त्यातली अर्धी बाटली प्यायले. म्हणाले, "गोड आहे गं, कुठलं?"

काय सांगू? मशीन सुरू होईपर्यंत मलाच कुठे माहीत आहे? मेकॅनिकला फोन केला, तर म्हणे, "मॅडम, अगले हफ्ते देखते हैं." त्याच्यावर केवढी ओरडले मी.

बाबा मजेत बातम्या बघताहेत. मी सारखी डोकावतेय. अर्धी बाटली...

वस्तीतली ती बाई तर रोज हंडे भरते. पाणी ठीक आहे ना, असं तिनं विचारलं होतं. मीही म्हणाले होते, "अगले हफ्ते देखते हैं."