तळघराची ओल आणि दोन गवंडी

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे अजून माझं ऐकतात. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढं वाच.

घर विकायचं ठरलंय, हे लेकीनं तुला सांगितलंच असेल (तिच्या पोटात काही राहत नाही). विकलं की मी सहा महिने मुलाकडे, सहा महिने लेकीकडे. बोचकं इकडून तिकडे. मला कोणी विचारलं नाही, पण वाटणी अगदी सारखी केली हो! अडलंय ते तळघरापाशी. भिंतीला ओल आहे आणि पोपडे असे सुटतात की झाडून झाडून माझा खराटा झिजला. ओल गेल्याशिवाय गिऱ्हाईक उभं राहणार नाही म्हणे.

आता हे सावकाश वाच, कारण मलाच नीट कळलेलं नाही. मुलगा आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत (कशावरून, ते त्यांनाही आठवत नाही). जे काही असेल ते माझ्यामार्फत. मुलगा म्हणाला, "आई, त्यांना सांग, गवंडी मी बघतो." जावई म्हणाले, "आई, त्याला सांगा, गवंडी मी ठरवलाय." मी दोघांनाही "बरं" म्हटलं. झालं, आले दोन गवंडी! एक सकाळी, एक दुपारी. सकाळचा म्हणतो, पाणी बाहेरून येतंय, भिंत बंद करा. तो डांबरासारखं काळं काहीतरी फासून जातो. दुपारचा म्हणतो, भिंतीला श्वास घेऊ द्या. तो ते सगळं खरवडून जातो (माझ्या दम्याची एवढी काळजी कोणी केली नाही). सकाळच्याला वाटतं, भिंत रंग पिते. दुपारच्याला वाटतं, भिंतीला आतूनच काळं फुटतं. "आजी, असली भिंत जन्मात पाहिली नाही," असं दोघंही म्हणतात. मी मान हलवते. त्यांची गाठ घालून दे, असा निरोप मला कोणी दिलेला नाही, आणि निरोप्यानं पदरचं घालू नये.

त्यात एक प्लंबर आला. जिन्याखालचा जुना पाईप काढून घेऊन गेला. तो शेजाऱ्यांनी बोलावलेला होता, हे तो गेल्यावर कळलं. आता तो पाईप कोणाकडे मागायचा?

मधे एक नवरा-बायको घर बघून गेले. बाईनं विचारलं, "तळघरात पाणी येतं का हो?" मी म्हटलं, "येतं की, नळापेक्षा नेमानं येतं." सून मागून डोळे वटारत होती. वटारू दे. दारात आलेल्या माणसाशी खोटं कशाला बोलायचं? ते रविवारी पुन्हा येणार आहेत. ओल दिसली नाही तर तिथंच बोलणी पक्की करतील.

बाकी क्षेम. पोरांना धाक दाखव, नुसते लाड नकोत.

तुझी थोरली

ता. क. भिंत वाळली गं! प्लंबरनं पाईप नेल्यापासून टिपूस नाही. दोन्ही गवंडी आपापल्या मिशीला पीळ देतायत. सुनेनं माझी भांडी खोक्यात भरायला घेतलीत.

आणखी ता. क. तुझ्या नवऱ्यानं तुमच्या न्हाणीघराची गळती स्वतःच्या हातानं बंद केली, तेव्हापासून तुमचं स्वयंपाकघरही गळतं ना? त्यांना रविवारच्या आत इकडे पाठव. मुलाला सांगीन, काका भिंतीवर शेवटचा हात फिरवायला आलेत. हत्यारं सगळी आणू देत.