जिभेने चिकटवलेली वाक्यं

सोमवार, ३ तारीख

नोकरी लागली, टेबल मिळालं, टेबलाला खिडकीसुद्धा आहे. आणखी काय हवं? संस्थेचं काम काय ते सांगितल्यावर माझी धाकटी बहीण काल पोट धरून हसली. लोक रोजच्या बोलण्यात इंग्रजी वाक्यं कुठकुठल्या साच्यांत बोलतात, ते इथे गोळा करतात. पुस्तकातलं वाक्य चालत नाही. दुकानात, जिन्यात, दवाखान्याच्या बाकावर कानावर पडलेलंच हवं. ते चिठ्ठीवर उतरवायचं, साचा ओळखायचा आणि त्या साच्याच्या खणातल्या कार्डावर चिकटवायचं. असे साठ खण भिंतभर आहेत. एकावर 'विनंती' लिहिलंय, एकावर 'पूर्वीची सवय', एकावर 'करायला हवं होतं, केलं नाही'. हा शेवटचा सगळ्यांत गच्च भरलाय. नळ दुरुस्त करणारा असो की वकील, हळहळायचं झालं की दोघंही 'आय शुड हॅव'नेच सुरुवात करतात. मला फार मजा वाटली.

आम्ही तिघंच आहोत. संचालकबाई, समोरच्या टेबलावरचे चष्मेवाले आणि मी. चष्मेवाले एका शब्दाच्या पुढे जात नाहीत. बाईंचे दात सुंदर आहेत, ओठ मात्र कायम ओले. चहाच्या कपांना आतून तपकिरी कड धरलीय. उद्या घरून साबण नेणार.

मंगळवार, ४ तारीख

चिठ्ठ्यांना मागून डिंक आहे आणि तो जिभेने ओला करायचा, अशी इथली रीत. मला हसूच आलं. लोकांनी हाताळलेले कागद मी चाटू? दुसऱ्याचा टॉवेल वापरायची वेळ आली तर मी ओल्या अंगाने उभी राहणारी बाई. सरळ वाटीत पाणी घेतलं, स्पंजचा तुकडा बुडवला आणि तीस चिठ्ठ्या लावून टाकल्या. चष्मेवाले माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी स्वतःची चिठ्ठी जिभेवर ठेवली. त्यांची जीभ पांढरी आहे. जेवणाचा डबा मी त्यांच्याकडे पाठ करून उघडला.

बुधवार, ५ तारीख

सकाळी माझ्या तीसच्या तीस चिठ्ठ्या जमिनीवर. कोरड्या ठणठणीत. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक चिठ्ठी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जीभ लागल्याशिवाय वाक्य धरत नाही."

नवी नोकरी, तिसरा दिवस. नाक धरून चाटली. डिंकाची चव असेल असं वाटलं होतं. ती आलीच नाही. शिळा चहा आला आणि त्याखाली किडकी दाढ. ते वाक्य बसथांब्यावरच्या एका म्हाताऱ्याचं होतं. दुसरी चिठ्ठी केशकर्तनालयातली, तिला कच्चा कांदा. तिसरीला कुणाचं तरी औषध. प्रत्येक चिठ्ठीला एकेक तोंड. घरी येऊन चार वेळा चुळा भरल्या. धाकटी विचारत होती, कार्यालयात काय चाटून आलीस.

शुक्रवार, ७ तारीख

नव्या माणसाने आपल्या घरातली पन्नास वाक्यं आणायची असतात. घरात माणूस सावध नसतो, तिथे साचे चोख मिळतात, असं बाईंचं म्हणणं. आमच्या घरात दुसरं आहे कोण? धाकटी हॉटेलच्या स्वागतकक्षात नवीन लागली आहे. दिवसभर इंग्रजी बोलते आणि घरी आरशासमोर सराव करते. महिनाअखेर तिचे साहेब तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार आहेत. तिचं 'वुड यू लाइक टू' ऐकलं की आपणच पाहुणे आहोत असं वाटतं. मी वही घेऊन बसले. पन्नास सांगितली होती, मी एकशे ऐंशी उतरवली. मला शाबासकीची हौस, दुसरं काय.

सोमवार, १० तारीख

धाकटीच्या चिठ्ठ्या लावल्या. दाढ दुखते म्हणून ती तोंडात लवंग धरते. पहिल्याच चिठ्ठीला लवंग लागली. मला कळलं, हे तोंड कुणाचं. शिसारी आली. तरीही थांबले नाही, एकशे ऐंशी पुऱ्या केल्या. बाईंनी पाठ थोपटली. त्यांचा हात दमट होता.

बुधवार, १२ तारीख

धाकटी रडत आली. पाहुण्याला खोली दाखवायची होती, 'वुड यू' म्हणायला तोंड उघडलं आणि पुढे काही आलंच नाही. 'यू, रूम, कम' एवढंच निघालं. पाहुणा हसला. मी म्हटलं, दमली असशील. रात्री जेवताना तिला विचारलं, लहानपणी काय काय आवडायचं ते इंग्रजीत सांग बघू. 'आय युज्ड टू'वर अडकली. ओठ हलत राहिले. मी चिठ्ठ्यांबद्दल बोलले नाही. बोलायला हवं होतं.

सोमवार, १७ तारीख

तिच्या जिभेवर पांढरा थर आलाय. चमच्याने खरवडला तर सोलल्यासारखी पट्टी निघाली, पातळ, चिकट, डिंकाच्या वासाची. खाली तांबडी जीभ आणि तासाभरात पुन्हा थर. तोंडात थुंकीच नाही. आता मराठीसुद्धा अडखळते. डॉक्टर म्हणाले, पाणी जास्त प्या. ती पाणी पिते आणि ते तसंच ओठांतून बाहेर येतं. मी पुसत बसते. स्वतःच्या सख्ख्या बहिणीची किळस येते मला, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार.

गुरुवार, २० तारीख

चष्मेवाल्यांना जिन्यात गाठलं. त्यांनी हातवारे करत, एकेक शब्द जोडत सांगितलं. त्यांची बायको शाळेत इंग्रजी शिकवायची. पहिल्या पन्नास चिठ्ठ्या तिच्या. आता घरी बसून असते, तोंड मिटलेलं. बायकोची वाक्यं संपली तेव्हा त्यांनी स्वतःची दिली.

मी विचारलं, चिठ्ठ्या परत काढता येतात का. त्यांनी खण उघडल्यासारखा हात पुढे केला, झटकन मागे घेतला. म्हणाले, "भ्यालो."

बाईंना विचारलं. त्या गोड हसल्या, पुढच्या आठवड्यात आणखी शंभर आणा म्हणाल्या.

शुक्रवार, २१ तारीख

बाई जेवायला गेल्या तेव्हा 'विनंती'चा खण उघडला. आत कार्डं नाहीत. सगळं मिळून एक गोळा झालाय, ओलसर, कोमट, वरून बारीक पुटकुळ्या. बोट लावलं तर आत ओढल्यासारखं झालं. लवंगेचा वास येत होता तिथून पट्टीने कापलं. कापताना चर्र आवाज आला, आतून लाळ सुटली. इतरांचंही आलं असेल त्यात. वेगळं करणार कसं? जिभेवरून गेलं ते जिभेवरूनच परत जाईल, म्हणून डब्यात भरलं. दुसऱ्या खणांतूनही तसंच. डबा जड झाला. रस्ताभर हाताला त्याची ऊब लागत होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी

धाकटीला दिलं. ती नको म्हणून मान हलवत होती. मी नाक दाबलं, भरवलं, लहानपणी औषध द्यायचे तसं. तिने चावलं. गिळलं. आणि स्वच्छ, तिच्याच गळ्यातून, "वुड यू लाइक टू सिट डाउन, ताई?" म्हणाली. मी तिला मिठी मारून रडले.

शनिवार, २२ तारीख

थांबत नाही. सकाळपासून. 'आय शुड हॅव' — म्हाताऱ्याच्या आवाजात, त्याच्या खोकल्यासकट. मग न्हाव्याचा आवाज. मग एक बाई, लहान मूल, वकील. प्रत्येक आवाजाबरोबर तोंडाचा वास बदलतो. लाळ हनुवटीवरून कुडत्यावर, तिथून फरशीवर. चार पंचे भिजले.

रविवार, २३ तारीख

आवाज संपले. भूक लागली तिला.

अन्न नको. मी काहीही बोलले की जवळ येते, माझ्या ओठांशी जीभ नेते. सकाळी तिला 'बस' म्हणाले — ओठांवरून तिची जीभ फिरली — तेव्हापासून तो शब्द लिहिता येतो, तोंडातून निघत नाही. मग आणखी दोन गेले. तिसरा कुठला ते आठवत नाही.

स्वतःच्या आवाजात एकदाच बोलली. "ताई, बोल की काहीतरी. तुझं गोड लागतं."

सोमवार

बोलायचं नाही. तोंडावर रुमाल बांधलाय. फक्त लिहायचं. माझीच बहीण आहे, मीच भरवलंय, तिला टाकून जाणार नाही मी. चष्मेवाल्यांना चिठ्ठी पाठवावी की —

शेजारी येऊन बसलीय. वही बघते. शाई ओली आहे.

वाकली. वरच्या ओळीपासून चाटत खाली येते — कागद लगदा होतोय — वर मी कुणाला चिठ्ठी पाठवणार होते — कोण ते — ही माझी कोण ते तरी लिहून ठेवते, ही माझी धा